दातांना तारा लावण्याआधी बदलीचा कागद बघा

चंडीगडमधल्या मराठी घरांत हा विषय साधारण सहावी-सातवीच्या सुमारास निघतो. मुलीचे पटाशीचे दात पुढे आलेत, नाहीतर मुलाचा सुळा वर चढून बसलाय. तारा कोणत्या लावायच्या? स्टीलच्या, दातांच्या रंगाच्या, की जाहिरातीत दाखवतात तशा लावल्या तरी न दिसणाऱ्या? सेक्टर 22 पासून मध्य मार्गापर्यंत दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही, मोहाली-पंचकुला धरलं तर मोजायलाच नको, आणि बऱ्याच पाट्यांवर हे सगळे प्रकार एकाखाली एक लिहिलेले असतात. त्यामुळे निवड करायची ती या यादीतूनच, असा आपला समज होतो.

माझ्या मते तारेचा प्रकार ही सर्वांत शेवटी ठरवायची गोष्ट आहे. त्याआधी दोष दातांत आहे की जबड्यात, वय काय, उपचार कोण करणार आणि तुम्ही या शहरात अजून किती काळ आहात, एवढं कळायला हवं. यातली शेवटची गोष्ट डॉक्टरांनी विचारायची राहून जाते आणि आपण आपणहून सांगत नाही. खरं तर इथल्या मराठी माणसाने ती पहिल्याच भेटीत सांगायला हवी. चंडीमंदिरची छावणी, हवाई दल, सेक्टर 30 मधली सीएसआयओ, सेक्टर 39 मधली इमटेक, मोहालीची आयसर, बँकांची कार्यालयं... आपल्यातले बहुतेक जण नोकरीमुळे इथे आलेले, आणि त्यातल्या निम्म्यांचे डोळे पुढच्या बदलीच्या यादीकडे. दात सरळ करण्याचा पूर्ण उपचार मात्र साधारण दीड ते दोन वर्षं चालतो, कधी त्याहून जास्त, आणि दर चार ते सहा आठवड्यांनी खुर्चीवर जाऊन बसावं लागतं.

एवढा वेळ का लागतो, हेही समजून घेतलेलं बरं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेने दाताला हलका दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. हे काम शरीर आपल्या गतीने करतं. महिन्याला एखादा मिलिमीटर म्हणजे चांगला वेग. जास्त जोर लावला तर दात लवकर सरकत नाही, उलट मुळं झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘सहा महिन्यांत सरळ दात’ असं कुणी सांगितलं, तर तो फक्त पुढचे सहा दात रांगेत आणून थांबणार आहे की पूर्ण चावा नीट करणार आहे, हे विचारा. कंप देणाऱ्या यंत्रांनी उपचार लवकर संपतो, असाही प्रचार होतो. चांगल्या चाचण्यांत तसं काही दिसलेलं नाही.

आता मूळ प्रश्न, दोष कुठे आहे? पुढे आलेले दात दोन अगदी वेगळ्या कारणांनी पुढे दिसतात. कधी वरचे दातच बाहेर झुकलेले असतात. कधी दात जागेवर असतात, पण खालचा जबडा मागे राहिलेला असतो आणि त्यामुळे वरचे दात पुढे वाटतात. आरशात दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे. दुसऱ्या प्रकारात नुसत्या तारा लावून दात आत ओढले तर दात आत जातात, पण हनुवटी होती तिथेच राहते आणि चेहरा बसका दिसू लागतो. हा फरक ओळखायला संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने घेतलेला सेफॅलोग्राम, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटो लागतात. एवढं न करता पहिल्याच भेटीत तारांचं दरपत्रक हातात ठेवणाऱ्या दवाखान्यातून चहा न घेता निघावं.

जबड्याचा प्रश्न असेल तर वय फार महत्त्वाचं ठरतं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेचा सल्ला आहे की पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. आपल्याकडे याचा अर्थ ‘सातव्या वर्षी तारा’ असा काढला जातो, तो चूक. त्या वयात फक्त बघायचं असतं, आणि बहुतेक मुलांना काहीच करावं लागत नाही. पण काही गोष्टी तेव्हाच पकडाव्या लागतात. वरचा जबडा अरुंद असून मागचे दात उलटे चावत असतील तर टाळूला बसवायचा विस्तारक लहानपणी सहज काम करतो, कारण टाळूच्या मधली शिवण तेव्हा जुळलेली नसते. खालचा जबडा पुढे आणि वरचा मागे असेल, म्हणजे उलटा चावा असेल, तर चेहऱ्यावर बाहेरून लावायचा फेसमास्क दहा वर्षांच्या आत उपयोगी पडतो. ज्या मुलांना तो वेळेत दिला, त्यांच्यात पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज कमी पडते, असं ब्रिटनमधल्या एका चाचणीत दिसलं. आणि खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या ऐन भरात, मुलींमध्ये साधारण अकरा ते तेरा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा या वयात, ‘ट्विन ब्लॉक’सारखं काढता-घालता येणारं साधन कामी येतं. विल्यम क्लार्क या स्कॉटिश डॉक्टरांनी ते 1977 मध्ये काढलं. वर आणि खाली अशा दोन तुकड्यांचं हे साधन जेवतानाही तोंडात ठेवायचं असतं. मुलाने ते शाळेच्या दप्तरात ठेवलं तर उपचार दप्तराचा होतो.

याच ठिकाणी बदलीचा विचार उलटा करावा लागतो. वाढीच्या वयातल्या जबड्याचा प्रश्न असेल तर ‘पुण्याला परत गेल्यावर बघू’ म्हणून दोन वर्षं घालवू नका. वय निघून गेलं की उरतात दोनच वाटा: दात काढून दोष झाकणं, नाहीतर वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया. याउलट दोष फक्त दातांच्या गर्दीचा असेल, मूल पंधरा-सोळाचं असेल आणि सहा महिन्यांत बदली दिसत असेल, तर खुशाल थांबा. वाकडे दात तेवढ्या काळात कुठे पळून जात नाहीत.

सरसकट सगळ्यांना लवकर सुरू करणं फायद्याचं नसतं, हेही इथे सांगायला हवं. पुढे आलेल्या दातांसाठी आठ-नऊ वर्षांचं असताना एकदा आणि वयात येताना पुन्हा, असा दोन टप्प्यांचा उपचार केला तर शेवटचा परिणाम एकाच टप्प्यात केलेल्या उपचाराहून सरस येत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष तोच आहे. फायदा एवढाच की पडून-धडपडून पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं. मूल दंगेखोर असेल, हॉकी-फुटबॉल खेळत असेल, तर तो फायदा मोठा. नसेल तर दुहेरी खर्च कशाला?

दात काढण्याचा प्रश्न आला की घरात वाद होतो. ‘चांगले, न किडलेले दात काढायचे?’ आजी हमखास विचारते, आणि तिचा प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नाही. या शास्त्राचे अमेरिकन प्रवर्तक एडवर्ड अँगल यांचंही हेच मत होतं: निसर्गाने दिलेले सगळे दात राखायचे. त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने त्या पद्धतीने अनेक पेशंटचे दात सरळ केले आणि काही वर्षांनी पाहिलं तर कित्येकांचे दात पुन्हा बिघडलेले, चेहरे फुगलेले. मग त्याने त्यांतल्या बऱ्याच जणांच्या उपदाढा काढून उपचार पुन्हा केला. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण जागाच नसेल तर दात काढावे लागतात आणि जागा असेल तर काढू नयेत, इथवर बहुतेकांचं एकमत आहे. काढायचेच ठरले तर किती मिलिमीटर जागा कमी पडते आहे, ते साच्यावर दाखवायला सांगा. ‘सगळ्यांचे चार काढतो’ हे उत्तर नव्हे. हाडात तात्पुरते बसवायचे बारीक स्क्रू हल्ली मिळतात. त्यांच्या आधाराने मागच्या दाढा मागे सरकवून काही वेळा दात काढणं टाळता येतं, तोही पर्याय विचारून ठेवा.

एवढं ठरलं की मग तारेकडे या.

स्टीलच्या तारा आणि त्या धरून ठेवणारे, दातावर चिकटवलेले ब्रॅकेट दिसतात, पण सगळ्या प्रकारांत सर्वांत बळकट, सर्वांत स्वस्त आणि जवळजवळ कोणत्याही दोषावर चालणाऱ्या त्याच. जुन्या पिढीला आठवत असेल, पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी चढवत. 1955 मध्ये मायकल बुओनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरवडून त्यावर चिकटवण्याची युक्ती दाखवली आणि पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. या ब्रॅकेटमधली सुरुवातीची तार आज बहुधा निकेल-टायटॅनियमची, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतून आलेली. वाकवली तरी मूळ आकारात परत येते आणि हलका, सलग दाब देत राहते. खोट्या दागिन्यांनी कातडीवर पुरळ येत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते, ते डॉक्टरांना आधी सांगा. सिरॅमिक ब्रॅकेट दातांच्या रंगाचे असल्याने कमी दिसतात. पण ते ठिसूळ असतात, जरा मोठे असतात आणि वरचे दात खालच्यांवर खोल बसत असतील तर खालच्या सिरॅमिकने वरचे दात झिजतात. म्हणून पुष्कळ डॉक्टर वर सिरॅमिक आणि खाली स्टील अशी तडजोड सुचवतात, ती शहाणपणाची आहे. ब्रॅकेटभोवतीची पारदर्शक रबरं हळदीने दोन दिवसांत पिवळी पडतात. वरण, पिठलं, राजमा, कढी यांतलं काहीच सुटणार नाही, तेव्हा राखाडी रबरं मागून घ्या.

सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट, ज्यांना रबराऐवजी झडप असते, ते जास्त दराने विकले जातात, कारण ‘लवकर होतं, दुखत नाही’ असं सांगितलं जातं. उपचाराचा एकूण काळ त्यांनी कमी होतो असं अभ्यासांत आढळलेलं नाही. डॉक्टरांचा हात त्यावर बसलेला असेल तर हरकत नाही, पण वेगासाठी म्हणून जादा पैसे देऊ नका. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या लिंग्वल तारा खरोखर दिसत नाहीत. जीभ सोलते, बोलणं काही आठवडे बोबडं होतं, खर्च जबरदस्त आणि त्या नीट लावणारे डॉक्टर थोडे. बदलीच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

राहिले अलाइनर, म्हणजे एकामागोमाग एक बदलायचे पारदर्शक साचे. 1997 मध्ये कॅलिफोर्नियात ज्या दोघांनी इन्व्हिजलाइनची कंपनी काढली, त्यांच्यापैकी कुणीही दंतवैद्य नव्हतं. स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेले दोघे. कल्पना मात्र चांगली होती. रोज 20 ते 22 तास घालायचे, एक ते दोन आठवड्यांनी पुढचा जोड, जेवताना काढायचे. थोडीफार गर्दी, फटी, किंवा पूर्वी तारा लावून झाल्यावर परत सरकलेले दात यांवर ते उत्तम चालतात. गोल फिरलेला सुळा जागेवर आणणं, दात खाली ओढणं, उपदाढा काढून मोठी जागा बंद करताना मुळं सरळ ठेवणं, यात तारा अजूनही पुढे आहेत. शिवाय ‘काही चिकटवावं लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. बहुतेकांच्या दातांवर लहान उंचवटे चिकटवावेच लागतात. खर्च लाखाच्या पुढे सहज जातो.

अलाइनर कुणाला? जो दिवसातून पाच वेळा चहा घेतो आणि प्रत्येक वेळी साचा काढून, चूळ भरून, परत घालणार नाही, त्याला नाही. गरम चहा साचा तोंडात ठेवून प्यायला तर साचा वेडावाकडा होतो आणि साखर दाताला चिकटून राहते. चौदा वर्षांच्या मुलावर किती भरवसा ठेवायचा, ते आईला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. उलट, सेक्टर 34 च्या कोचिंग क्लासला सकाळी जाऊन रात्री परतणारी, ‘नीट’ परीक्षेच्या वर्षातली मुलगी शिस्तीची असेल तर तिला दर महिन्याच्या भेटी आणि तुटलेले ब्रॅकेट परवडणार नाहीत. तिच्या बाबतीत अलाइनर खरंच सोयीचे.

डॉक्टरांना न भेटता घरबसल्या साचे मागवण्याच्या योजनांपासून मात्र दूरच राहा. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही त्या पद्धतीची सर्वांत मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये एकाएकी बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले पेशंट वाऱ्यावर सुटले. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, आणि चाळिशीच्या माणसाच्या हाडाची झीज झालेली असेल तर हललेला दात पडण्याचीच भीती. प्रौढांनी तारा असोत की साचे, आधी हिरड्यांचा आजार आणि मधुमेह आटोक्यात आणावा, मग दात हलवावेत.

उपचार कुणाकडे घ्यायचा? डॉक्टर बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेले आहेत का, ते विचारा. दवाखान्याचा मालक आणि तारा लावणारा माणूस एकच असतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी ऑर्थोडॉन्टिस्ट आठवड्यातून एखादाच दिवस येतो, मग तार मंगळवारी तुटली तर शनिवारपर्यंत गाल सोलत बसावं लागतं. सरकारी वाट हवी असेल तर सेक्टर 12 मध्ये पीजीआयचं ओरल हेल्थ सायन्सेस सेंटर आहे आणि सेक्टर 25 मध्ये पंजाब विद्यापीठाचं डॉ. हरवंशसिंग जज दंत महाविद्यालय, 2006 पासूनचं. पीजीआयमध्ये पंजाब, हरयाणा, हिमाचल, जम्मूपर्यंतचे पेशंट येतात. गर्दी आणि कामाच्या दिवशीच्या सकाळच्या भेटी धरूनच जायचं. दुभंगलेले ओठ-टाळू किंवा जबड्याची शस्त्रक्रिया लागणारे दोष असतील तर मात्र खाजगी दवाखान्यांत फिरण्यापेक्षा थेट पीजीआय गाठा, कारण तिथे शल्यचिकित्सक आणि ऑर्थोडॉन्टिस्ट एका छताखाली मिळतात. लष्करातल्या कुटुंबांनी आधी आपल्या दंत केंद्रात विचारावं. नोकरीतून खर्च परत मिळतो का, हे तारा लावण्याआधी लेखी विचारा. नुसत्या दिसण्यासाठीचा उपचार म्हणून बिल परत येण्याची शक्यता धरून चला.

‘मे महिन्यात नागपूरला गेलो की तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तारा लावून घेऊ, दिवाळीत पुन्हा दाखवू’ हा बेत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. तो सोडून द्या. मे ते दिवाळी दात कुणाच्या देखरेखीशिवाय सरकत राहतात, आणि ब्रॅकेट निघालं तर इथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला राजी नसतो.

बदली आलीच तर काय करायचं, ते सुरुवातीलाच ठरवा. पैसे एकरकमी देऊ नका. हप्ते कामाच्या टप्प्यांशी जोडा. दरात एक्स-रे, तुटलेले ब्रॅकेट, जादा अलाइनर आणि शेवटचे रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरणारी साधनं, धरलेत का, ते कागदावर घ्या. निघताना सुरुवातीचे साचे किंवा स्कॅन, ओपीजी, सेफॅलोग्राम, फोटो, उपचाराचा आराखडा आणि आजवर काय केलं त्याची नोंद मागून घ्या. ब्रॅकेटची पद्धत आणि त्यातल्या खाचेचं माप, 0.018 की 0.022 इंच, हेही लिहून घ्या. ते न कळल्यामुळे नवा डॉक्टर सगळे ब्रॅकेट उपटून नव्याने सुरुवात करतो आणि नव्याने पैसेही घेतो. या दृष्टीने नेहमीच्या, सगळीकडे मिळणाऱ्या स्टीलच्या तारा हा बदलीवाल्यांसाठी सर्वांत सोयीचा प्रकार. पुण्यात, जबलपूरमध्ये, तेजपूरमध्येही त्या पुढे चालू ठेवणारा कुणीतरी भेटतो.

तारा असताना सर्वांत धोक्याचे दिवस म्हणजे 13 आणि 14 जानेवारी. लोहडीला शेजारच्या घरातून रेवडी, गजक, शेंगदाणे, फुटाणे येतात आणि दुसऱ्या दिवशी आपला तिळगूळ असतोच. त्यात उसाची कांडी. मुलांना तिळाचा मऊ लाडू द्या, कडक वडी आणि चिक्की नको. पेरू चिरून, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. दात घासायला दोन दातांमधला बारीक ब्रश घ्या, नाहीतर तारा निघाल्यावर ब्रॅकेटच्या जागी पांढरे चौकोन उरतात आणि ते तसेच राहतात. हॉकी किंवा बॉक्सिंग असेल तर तारांवर बसणारा माउथगार्ड डॉक्टरांकडून करून घ्या.

आणि तारा निघाल्यावर रिटेनर. हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी खेचत राहतात, म्हणून सुरुवातीला दिवसरात्र आणि मग कैक वर्षं रात्री ते घालायचे. पुढच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवून घेतली तर अधिक सुरक्षित. ही गोष्ट कुणी ठळकपणे सांगत नाही आणि दोन वर्षांची मेहनत इथेच जाते. रिटेनर ढाब्यावर कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचे नाहीत, ते ताटाबरोबर उचलले जातात. मे-जूनमध्ये उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचे नाहीत, प्लास्टिक वाकतं. सामान ट्रकमध्ये चढवताना त्यांची डबी हातातल्या पिशवीत घ्या, आणि एक जादा जोड निघण्यापूर्वीच इथून करून घ्या. स्कॅन याच डॉक्टरांकडे असतो.